समुद्राला सातबारा नसतो

कोकण किनाऱ्याचा इतिहास बहुतेक वेळा किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहून लिहिला गेला आहे. जयगड, रत्नदुर्ग, सुवर्णदुर्ग, यशवंतगड, विजयदुर्ग ही नावे घेतली की लढाया, तहनामे आणि सनावळ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. किल्ला कोणी जिंकला, कोणी गमावला, याच्या नोंदी दप्तरांत सापडतात. पण याच किल्ल्यांच्या पायथ्याशी, खडकाच्या आडोशाला, चार होड्या ओढून ठेवण्यापुरती जागा असते आणि त्या जागेला लागून मच्छीमारांची वाडी असते. रत्नदुर्गाच्या कुशीत मिरकरवाडा आहे, सुवर्णदुर्गासमोर हर्णै आहे, यशवंतगडाच्या परिसरात साखरी नाटे आहे. या वाड्यांना स्थापनेचा सन नाही आणि शिलालेखही नाही. वर निशाण कोणाचेही फडकत असो, खाली पहाटेची होडी पाण्यात लोटली जातच होती. या माणसांचा इतिहास लिहायचा तर कागद कोणता वाचायचा, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

या किनाऱ्यावर मासेमारी करणारे समाज अनेक आहेत. कोळी आहेत, गाबीत आहेत, खारवी आहेत, भंडारी आहेत. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांच्या किनाऱ्यावर त्यांच्याच शेजारी मुसलमान मच्छीमारांच्या वाड्या आहेत. या समाजाला दालदी म्हणतात. इंग्रज सरकारने १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटिअर प्रसिद्ध केले, त्यात दालद्यांची नोंद आहे. परंतु मराठीत मुसलमानांविषयी जे लिहिले जाते त्यात नवाब येतात, सुभेदार येतात, सूफी येतात, व्यापारी येतात. जाळे विणणारा आणि गळ टाकणारा मुसलमान क्वचितच येतो. म्हणून या लेखात आम्ही खडकाआडच्या या लहान बंदरांपुरतेच बोलणार आहोत.

प्रथम जागा समजून घेऊ. मुंबईपासून दक्षिणेकडे येताना किनाऱ्याचे रूप बदलत जाते. सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रापर्यंत येतात. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा आणि खाली लाटांनी झिजवलेला काळा कातळ. हा कातळ जेथे पाण्यात उतरतो, ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला बुडतो, त्या पट्ट्याला आपल्याकडे खडप म्हणतात. दोन डोंगरी टोकांच्या मध्ये समुद्र थोडा आत शिरतो. टोकामुळे वारा अडतो, लाट मोडते आणि आत होडी लावण्याजोगे शांत पाणी मिळते. मोठ्या जहाजाला येथे काम नाही. त्याला खोल पाणी, धक्का आणि वखार लागते. लहान होडीला मात्र एवढा आडोसा पुरतो.

म्हणूनच मोठी बंदरे आली आणि गेली, ही लहान बंदरे राहिली. दाभोळ हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले आणि लुटले. राजापूर इतके महत्त्वाचे होते की इंग्रजांनी तेथे वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या वखारीवर कारवाई केली. पुढे राजापूरची खाडी गाळाने भरत गेली आणि गलबते शहरापर्यंत येईनाशी झाली. व्यापार दुसरीकडे गेला की व्यापारी बंदर ओस पडते. मासे दुसरीकडे जात नाहीत तोवर मच्छीमाराचे बंदर ओस पडत नाही.

उत्तर आणि दक्षिण कोकणातील मासेमारीतही मोठा फरक आहे आणि तो समुद्रानेच घालून दिला आहे. मुंबईकडे भरती-ओहोटीतील फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे प्रवाह जोरकस असतो. तेथे डोल जाळे चालते. खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे एका जागी राहते आणि प्रवाहच मासळी त्यात आणून टाकतो. रत्नागिरीपर्यंत येता येता भरतीची उंची जवळपास निम्म्यावर येते. प्रवाहाचा तो जोर येथे नाही. मालवणकडे लांबच लांब पुळण आहे, म्हणून तेथे रापण ओढतात. आमच्या खडपाळ भागात अशी पुळणही तुटक तुटकच. मग येथल्या माणसाने काय करायचे? त्याने माशाच्या मागे जायचे. तरती जाळी, गळ आणि लहान होडी, हीच त्याची हत्यारे ठरली.

शिडाच्या काळात त्याचे घड्याळ वारा होता. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई म्हणतात. मतलईवर होडी बाहेर जायची. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की त्याच वाऱ्यावर ती परतायची. पावसाळ्यात ही व्यवस्था मोडते. नैऋत्येचा वारा आणि लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. तेव्हा होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि घराच्या पडवीत बसून जाळी दुरुस्त करायची. सरकारचा कायदा येण्यापूर्वी मासेमारीबंदी समुद्रच जाहीर करीत असे आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास तोच ती उठवीत असे. त्याच महिन्यांत अनेक जाती अंडी घालतात, हे विज्ञानाने पुढे सांगितले.

खडपावरच्या मासेमारीचे तीन थर सांगता येतील. पहिला थर बायका-मुलांचा. मोठ्या ओहोटीला खडप दूरवर उघडे पडते. तेव्हा हातात कोयती आणि टोपली घेऊन कालवे फोडायची, शिनाणे खरवडायची, कातळाच्या खाचांतले मासे पकडायचे. घरात पुरुषाची मिळकत नसेल त्या दिवशीही चूल पेटते ती या थरामुळे. दुसरा थर गळाचा. कातळाच्या कडेला तांबोशी, गोबरा यांच्यासारखे मासे दडून राहतात. तेथे जाळे टाकले तर फाटते. म्हणून दोरी, गळ, आमिष आणि धीर. तिसरा थर होडीचा. एका बाजूस उलांडी बांधलेली अरुंद होडी, तीत तीन-चार माणसे आणि पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे. बांगडा, तारली, सुरमई, रावस हे मोसमाप्रमाणे येतात. परतल्यावर वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. मजुरी नव्हे, वाटा. हा शब्द महत्त्वाचा आहे. मासळी मिळाली नाही तर मालक आणि खलाशी दोघेही रिकाम्या हाताने घरी जातात.

पूर्वी जाळी कापसाच्या आणि सणाच्या सुताची असत. खाऱ्या पाण्यात ती कुजत, म्हणून झाडाची साल उकळून त्या काढ्यात ती बुडवीत. एक जाळे म्हणजे घरातल्या सर्वांचे अनेक महिन्यांचे हात. त्यामुळे खडकावर जाळे अडकून फाटणे हे नुकसान पैशांत मोजण्यासारखे नव्हते. पाण्याखाली कोठे खडक आहे हे ठाऊक असणे ही चैन नव्हती. तोच धंद्याचा पाया होता.

हे ज्ञान तांडेलाकडे असे. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्याच्याजवळ नकाशा नसे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन खुणा दुसऱ्या रेषेत आणायच्या. दोन्ही रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे आपण आहोत. या खुणा म्हणजे किल्ल्याचा बुरूज, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, सड्यावरचे एकटे झाड. शाळेच्या भूमितीत आम्ही दोन रेषांचा छेदनबिंदू फळ्यावर शिकवतो. तांडेल तो पाण्यावर काढतो. मशीद आणि देऊळ त्याच्या रेषेत एकमेकांना धरून उभे असतात, कारण एक खूण हलली तर दुसरी निरुपयोगी होते.

खोली तो वावांत मोजतो. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर तो वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. शिसे बांधलेली दोरी खाली सोडायची आणि वर ओढताना हात पसरून मोजत जायचे. माणसाचे शरीर हेच त्याचे माप.

याहून आश्चर्याचा आहे तो भरतीचा हिशेब. भरती-ओहोटी चंद्राच्या हुकमात चालते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. म्हणून किनाऱ्यावरचा जुना नियम असा की तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ करून घेत असत. पुढे अभ्यासक्रमातून पाऊणकी गेली. मच्छीमाराच्या तोंडून मात्र ती गेली नाही, कारण तिच्यावाचून त्याची होडी चिखलात रुतेल.

मुसलमान मच्छीमाराला हा हिशेब अवघड जात नाही, कारण हिजरी महिनाही चंद्राचाच. फरक एका दिवसाचा. चंद्रकोर दिसली की हिजरी महिना सुरू होतो, तेव्हा पंचांगात साधारणपणे द्वितीया आलेली असते. म्हणजे चांदच्या तारखेत एक मिळवला की तिथी येते. उर्दूत पूर्ण चंद्राला चौदहवीं का चाँद म्हणतात आणि मराठी पंचांगात पौर्णिमा ही पंधरावी तिथी असते. चंद्र एकच, मोजणी एकाने मागेपुढे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि खडप जास्तीत जास्त उघडे पडते. तो कालवांचा दिवस. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची ओढ मंद असते, तेव्हा खडकाजवळ जाळे टाकायला धोका कमी. ईद ठरवणारा चंद्रच रोजची मासळीही ठरवतो.

आता शब्दांकडे येऊ. ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांचा दप्तरखाना त्यांच्या तोंडात असतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने आईन-ए-अकबरी लिहिली. तीत जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. नाखुदा हा जहाजाचा मुख्य. मुअल्लिम हा पाण्याची खोली, उथळ जागा आणि आकाशातील तारे जाणणारा वाटाड्या. तांडेल हा खलाशांचा नायक. सरहंग, भंडारी, हिशेब ठेवणारा कर्रानी, सुकाण धरणारा सुक्कानगीर, डोलकाठीवरून टेहळणी करणारा पंजरी आणि इतर. चारशे वर्षे लोटली, तरी आमच्या बंदरांवर नाखवा आहे, तांडेल आहे, सारंग आहे, सुकाणू आहे. दर्या आणि बंदर हे शब्द फारसीतून आले, सुकाणू अरबीतून आले, तांडेल हा येथलाच देशी शब्द फारसी ग्रंथात जाऊन बसला. नारळ अरबांकडे जाऊन नारजील झाला, साग जाऊन साज झाला. इराणच्या किनाऱ्यावरील सिराफ शहरातील घरे सागाच्या लाकडाची होती, असे दहाव्या शतकातील भूगोलकारांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे या देवाणघेवाणीत एक देणारा आणि एक घेणारा असे नव्हते. लाट जशी येते तशीच परतही जाते.

या बारा नावांतील मुअल्लिम हा शब्द आम्हा शिक्षकांना विशेष जवळचा आहे. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा. समुद्रावर वाट दाखवणाऱ्यालाही लोकांनी तेच नाव दिले. समुद्राचे ज्ञान ही विद्या आहे आणि ते देणारा गुरुजी आहे, हे त्या काळच्या माणसांना उघड दिसत होते.

उर्दू साहित्यातही समुद्र भरपूर आहे. साहिल, मौज, कश्ती, नाखुदा, भँवर यांच्यावाचून गझल पुढे सरकत नाही. पण हे साहित्य बहुतांशी दिल्ली आणि लखनौसारख्या किनाऱ्यापासून दूरच्या शहरांत घडले, त्यामुळे त्यातला नाखुदा हे एक रूपक आहे. आमच्या वर्गातील मुलाला नाखुदा या शब्दाचा अर्थ परीक्षेसाठी पाठ करावा लागतो आणि त्याच मुलाचे वडील सकाळी नाखवा म्हणून हाक ऐकत असतात. शब्द तोच आहे हे त्याला कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात मच्छीमाराला माहीगीर म्हटले आहे. तो शब्द सुंदर आहे. पण त्याच्या अंगाला मासळीचा वास येत नाही.

इतिहासाचा आणखी एक पुरावा आपल्या ताटात आहे. दख्खनच्या पठारावरील मुसलमान बहुसंख्येने हनफी आहेत, कोकणातील मुसलमान प्रामुख्याने शाफई आहेत. कोकणापासून केरळपर्यंत आणि पुढे इंडोनेशियापर्यंत समुद्राने जोडलेल्या किनाऱ्यांवर शाफई मत पसरले, कारण ते जमिनीच्या वाटेने नव्हे तर गलबतांच्या वाटेने आले. हनफी मतात समुद्रातील प्राण्यांपैकी मासाच खाण्यास मोकळीक आहे. शाफई मतात समुद्रातच राहणाऱ्या जवळजवळ सर्व जीवांना परवानगी आहे. म्हणून खडपावरची कालवे आणि शेवंड आमच्या ताटात निर्धास्त येतात. फिक्हच्या ग्रंथातील एक मतभेद आणि ओहोटीला खडपावर वाकलेली बाई, यांचे नाते असे सरळ आहे.

मग दालदी आले कोठून? हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. अल्-मसऊदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास सैमूर म्हणजे आजच्या चौल येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांपैकी अनेक सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे आहेत, असे त्याने लिहिले. त्यामुळे अरब रक्ताचा अभिमान बाळगणारी घराणी कोकणात आहेत. पण मच्छीमाराची जाळ्याची गाठ, होडीची उलांडी, वाव, उधाण, भांग, मतलई, खडप हे सारे येथलेच आहे. परक्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसाला पाण्याखालचा खडक पहिल्या दिवशी ठाऊक नसतो. तो शेजाऱ्याकडून, सासऱ्याकडून, पिढ्यान् पिढ्या शिकावा लागतो. रक्त कोठलेही असो, विद्या या मातीची आणि या पाण्याची आहे.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. जमीनजुमला आणि व्यापार असणाऱ्या कोकणी मुसलमानांनी दालद्यांना बरोबरीचे मानले नाही. सोयरीक टाळली गेली. दालदी हा शब्द ओळख म्हणून कमी आणि हिणवण्यासाठी जास्त वापरला गेला. नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावायचा आणि लग्नाच्या वेळी खांदा काढून घ्यायचा, हे इस्लामच्या समतेत कोठे बसते? कुरआनने तर समुद्रातून मिळणारे ताजे अन्न ही अल्लाहची देणगी म्हणून सांगितली आहे. मग ती देणगी जाळ्यातून काढणारा हात हलका कसा? शाळेत दाखला भरताना वडिलांचा व्यवसाय सांगायला मूल का-कू करते, तेव्हा हा जुना इतिहास त्याच्या ओठांवर बसलेला असतो.

वास्तविक याच हातांवर आरमारे उभी राहिली. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि मायनाक भंडारी हे सरदार होते. १६७९ मध्ये मुंबईजवळील खांदेरी बेटावरून इंग्रजांशी संघर्ष झाला तेव्हा मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत होत्या. अशा होड्यांना संगमेश्वरी म्हणत. वाऱ्याची दिशा, खडकाची जागा, उथळ पाण्याची वाट या गोष्टी सरदाराच्या तलवारीला ठाऊक नसतात. त्या वल्हे धरणाऱ्याला ठाऊक असतात. त्या खलाशांत कोळी होते, भंडारी होते, मुसलमान होते. बखरीत सरदाराचे नाव राहिले, खलाशाचे राहिले नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत या बंदरांचे रूप बदलले. शिडाच्या जागी इंजिन आले, सणाच्या सुताच्या जागी नायलॉन आले, खारवण्याच्या जोडीला बर्फ आला. जाळे कुजण्याची भीती गेली, पहाटेच्या मतलईची वाट पाहणे गेले. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. मिरकरवाड्यासारखे बंदर मोठे झाले, कर्ज मिळू लागले, कौलांच्या जागी स्लॅब आले. हे सारे नाकारण्यात अर्थ नाही. वादळात शिडावर जीव टांगून परतण्याच्या दिवसांचे गोडवे गाणे, हे ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांनाच जमते.

परंतु यंत्राबरोबर भूकही मोठी झाली. ट्रॉलर तळ खरवडू लागले. पर्ससीन जाळे माशांच्या संपूर्ण थव्याला वेढते आणि खालून दोरी ओढून पिशवीसारखे बंद होते. मग लहान-मोठे सारेच आत. १९८१ मध्ये महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. किनाऱ्यालगतचे ५ ते १० वाव खोलीपर्यंतचे पाणी ट्रॉलरपासून राखण्याची व्यवस्था त्याखाली झाली. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि त्यासाठी सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवण्यात आला. तरुण मच्छीमारांना हे माहीत नसते की कायद्यातला वाव हा त्यांच्या आजोबांच्या पसरलेल्या हातांचाच आहे.

हा झगडा हिंदू आणि मुसलमान असा नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पर्ससीनच्या बाजूने मुसलमान आहेत आणि हिंदूही आहेत. पारंपरिक जाळ्याच्या बाजूनेही दोन्ही आहेत. येथे माणसाची जात त्याच्या जाळ्यावरून ठरते. ज्याच्याजवळ मोठे जाळे तो आज खूप घेतो. ज्याच्याजवळ लहान जाळे त्याला उद्याही मासा लागतो.

समुद्रावरील हक्काचा प्रश्न खऱ्या अर्थाने उघडा पडला तो राजापूर तालुक्यात. जैतापूर खाडीच्या दक्षिणेस माडबन येथे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने अणुवीज प्रकल्प ठरवला: १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. जमीन घेतली जात होती ती जमीनदारांची. खाडीच्या उत्तरेकडील साखरी नाट्याच्या मच्छीमारांची जमीन त्यात जात नव्हती. त्यांची भीती वेगळी होती. भट्ट्यांतून परत येणारे कोमट पाणी आणि सुरक्षेसाठी बंद होणारा पट्टा यांमुळे आपले मासेमारीचे पाणी जाईल, असे त्यांना वाटत होते. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे सांगत होते की परिणाम मर्यादित राहील. या वादाचा निकाल आम्ही देऊ शकत नाही. पण १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार मरण पावला, ही इतिहासात नोंदवण्याची गोष्ट आहे.

तेव्हा एक साधा पेच सर्वांसमोर आला. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. त्यावर नाव असते, क्षेत्र असते, पीक असते. जमीन गेली तर काय गेले ते दाखवता येते. मच्छीमाराने काय दाखवायचे? त्याच्या आजोबांनी ज्या खुणा जुळवून जाळे टाकले ती जागा कोणत्या उताऱ्यावर आहे? समुद्राला सातबारा नसतो. ज्याला सातबारा नाही त्याचे नुकसानही कागदावर दिसत नाही आणि जे कागदावर दिसत नाही ते झालेच नाही असे मानणे सोपे असते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांच्या दृष्टीने तो उपयोगाचा आहे. तरीही खडपाआडच्या पाण्यावर कोणाचा वापर किती पिढ्यांचा, ही नोंद त्याने आपोआप होणार नाही.

ती नोंद कोणी करायची? आमचे उत्तर असे की ती शाळेने करायची, मग ती उर्दू माध्यमाची असो वा मराठी. गावोगावच्या तांडेलांना खडकांची नावे ठाऊक आहेत. कोणत्या दोन खुणा जुळल्या की खाली कातळ लागतो, कोणत्या वाऱ्याला कोणता मासा येतो, कोणत्या उधाणाला पाणी कोठवर चढते, हे त्यांच्या मुखी आहे. होडीवर उपग्रहाने जागा दाखवणारे यंत्र आल्यापासून तरुणांना खुणांची गरज उरलेली नाही, त्यामुळे हे ज्ञान विचारणारा कोणी राहिला नाही. वहीच्या एका पानावर खडकाचे नाव, दुसऱ्यावर त्याच्या खुणा, तिसऱ्यावर वावांतली खोली. मुले हे सुट्टीत सहज लिहू शकतील. उर्दूत लिहोत वा मराठीत लिहोत, चांदच्या तारखेने लिहोत वा तिथीने लिहोत.

अशा वह्या न्यायालयात पुरावा ठरतील की नाही, हे वकील सांगतील. पण त्यांतून दोन गोष्टी नक्की होतील. वडिलांचा धंदा सांगताना अडखळणाऱ्या मुलाला कळेल की ज्या माणसाला तो अडाणी समजत होता तो भूमिती, खगोल आणि पाऊणकी तिन्ही जाणतो आणि जुन्या जहाजावर अशा माणसाला मुअल्लिम म्हणत. शिवाय पुढे कधी कोणी विचारले की या पाण्यावर तुमचा काय हक्क, तर उत्तर देणाऱ्याच्या हातात कोरा कागद नसेल.